दलदलीचा श्वास आणि साधे दिवस

एका जंगलात एक दलदल होती. जंगल फार उत्तरेला होतं, इतकं उत्तरेला की सिंहाला तिथलं हवामान मानवलं नाही. त्यामुळे राजा अस्वल होतं.

दलदल म्हटल्यावर नाक मुरडू नका, मुलांनो. तो नुसता चिखल नव्हता. तिथे शेवाळ उगवायचं, मरायचं, आणि त्याच्या अंगावर नवं शेवाळ उगवायचं. खालचं शेवाळ पाण्यात बुडून राहायचं, म्हणून धड कुजायचंही नाही. दहा हजार वर्षं हेच चाललं होतं. थरावर थर, गादीवर गादी. शेवाळ हवेतला नको असलेला वायू खायचं आणि मेल्यावरही तो सोडायचं नाही. सगळ्या जगाचा उच्छ्वास त्या गाद्यांत निजून होता.

फक्त पाणी हवं. पाणी आटलं की गादी कुजायला लागते आणि निजलेला वायू उठून बाहेर पडतो. फारच आटलं तर गादीचं सरपण होतं. हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

नोंदीसाठी मोजमाप घ्यायचं काम कालिंदीकडे होतं.

कालिंदी ही पाणलावी. तुम्ही तिला पाहिलंही असेल. हिवाळ्यात ती आपल्याकडे येते आणि भात कापून झालेल्या खाचरातल्या ओलीत चोच खुपसत हिंडते. आपण जवळ गेलो की पायाखालून भुर्रकन उडते आणि आपण दचकतो. रंग मातीचा, चोच अंगाच्या मानाने भलतीच लांब. त्या चोचीमुळेच हे काम तिच्या घराण्यात चालत आलेलं. तिला नवराही होता. पण तो सगळा वसंत आकाशात घिरट्या घालून वाऱ्यावर शेपटीची पिसं वाजवण्यात घालवायचा, त्यामुळे या गोष्टीत त्याचा उपयोग नाही.

काम असं होतं. सकाळी दलदलीत चोच खुपसायची आणि पाणी किती खोल लागतं ते पाहायचं. मग भूर्जाच्या सालीचा एक द्रोण शेवाळावर पालथा घालायचा. द्रोणाला वर भोक. भोकावर आपल्या छातीचं एक मऊ पीस ठेवायचं आणि दोनशे आकडे मोजायचे. पीस आत ओढलं गेलं तर दलदल श्वास घेतेय. पीस वर उडालं तर सोडतेय. किती वर, ते शेजारी रोवलेल्या बोरूच्या पेरांवरून वाचायचं.

आकडा जायचा साळिंदर त्रिंबकरावांकडे. ते दरबारचे दप्तरदार. स्वतःच्या पाठीचा एक काटा उपटायचा आणि भूर्जपत्रावर लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता. फार प्रामाणिक गृहस्थ. आयुष्यात त्यांनी एकही आकडा खोडला नव्हता. तुम्ही लबाड कोल्ह्याची वाट बघत असाल तर आधीच सांगितलेलं बरं, या गोष्टीत कोल्हा नाही. सगळे सज्जन आहेत.

पानगळ झाली की वर्षाचा आकडा दरबारात वाचला जाई. दलदलीने सोडला त्यापेक्षा जास्त श्वास घेतला, असं महाराजांच्या कानावर पडलं की ते समाधानाने गुहेत जात आणि सहा महिने झोपत. आकडा वाईट आला तर झोप लागणार नाही, आणि अस्वलाला हिवाळ्यात झोप लागली नाही तर काय होतं ते कोणालाच पाहायचं नव्हतं.

आता नियम ऐका. मोजमाप फक्त साध्या दिवशी घ्यायचं.

हा नियम महाराजांच्या पणजोबांच्या काळातला. त्या वेळी मोठं वादळ आलं होतं. तेव्हाच्या मापणीकाराने त्या वादळात द्रोण मांडला, पीस उडून शेजारच्या राज्यात गेलं आणि त्याने इमानदारीने तसं लिहिलं. दरबारात हाहाकार माजला. पणजोबा सबंध हिवाळा जागे राहिले. तेव्हापासून ठरलं, की जो दिवस साधा नाही त्या दिवशी मोजायचं नाही. त्या दिवसाच्या रकान्यात साध्या दिवसांची सरासरी भरायची. बर्फाच्या महिन्यांत मापणीकार दक्षिणेला असायचा, तेव्हाही तीच भरायची. म्हणजे वहीही रिकामी राहत नाही आणि कोणी घाबरतही नाही.

दिवस साधा आहे की नाही ते त्रिंबकराव ठरवायचे. उजाडलं की ते बिळाबाहेर येत, एक काटा उभा करून वारा बघत, नाक वर करून ऊन बघत आणि सांगत, "साधा." वसंत ते पानगळ बहुतेक दिवस साधे असायचे. असाधारण दिवस पाच-सहा. त्यामुळे कालिंदीच्या आजीपणजीला नियमाचा कधी त्रास झाला नाही. उलट पाच-सहा दिवस सुट्टी मिळायची.

मग उन्हाळे बदलले.

पहिल्या वर्षी इतकं ऊन पडलं की शेवाळ वरून पांढरं पडलं. कालिंदीने द्रोण मांडला. दोनशे मोजायच्या आतच पीस उडालं आणि भूर्जाच्या फांदीला जाऊन अडकलं. ती तशीच त्रिंबकरावांकडे गेली.

"त्रिंबकराव, पीस झाडावर आहे."

"कुठल्या झाडावर?"

"भूर्जाच्या. बोरूची पेरं कधीच संपली."

त्रिंबकरावांनी नाक वर केलं. "कालिंदीताई, आज दिवस साधा नाही. इतकं ऊन कधी असतं का?"

"नसतं. म्हणूनच आले."

"मग मोजमाप कसं धरायचं? मी सरासरी भरतो. तुम्ही घरी जा, पाण्यात बसा जरा. चेहरा किती उतरलाय."

ते खरोखर काळजीने बोलत होते.

पुढे पाऊस आला. आठ दिवस असा कोसळला की दलदल भांडं उतू जावं तशी उतू गेली. पाणी ओसरल्यावर खालून बुडबुडे यायला लागले, कुजक्या वासाचे. पीस पुन्हा वर. त्रिंबकरावांनी वारा बघितला आणि मान हलवली. तोही दिवस साधा नव्हता.

त्या वर्षी साधे दिवस एक्क्याऐंशी निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी चौतीस. मग नऊ.

आणि मुलांनो, गंमत बघा. साधे दिवस जितके कमी झाले तितकी सरासरी सुधारली. कारण उरलेले दिवस म्हणजे निवडून काढलेले. थंडगार, ढगाळ, वारा नाही, जमीन ओली. अशा दिवशी दलदल लहान बाळासारखी शांत श्वास घ्यायची. नऊ दिवसांची सरासरी तीनशे छप्पन्न दिवसांना लावली, तेव्हा राज्याच्या इतिहासातला सगळ्यात चांगला आकडा आला. महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी कालिंदीला मापनभूषण ही पदवी दिली आणि गळ्यात ओकच्या लाकडाचं पदक घातलं. ते इतकं जड होतं की तीन दिवस तिला मान वर करता आली नाही.

"हे माझं नाही," ती त्रिंबकरावांना म्हणाली.

"नम्रता चांगली आहे," त्रिंबकराव म्हणाले.

त्यानंतर ती दक्षिणेला गेली आणि इकडे जंगलावर पावसावाचून कोरडी वीज पडली. दलदलीच्या कडेला आग लागली. पाठोपाठ बर्फ पडला आणि आग दिसेनाशी झाली. दिसेनाशी झालेली आग विझली असं लिहिण्याची पद्धत असल्यामुळे तसं लिहिण्यात आलं.

वसंतात कालिंदी परत आली, तेव्हा जो तो तिला हिवाळा किती छान गेला ते सांगत होता. शेजारची सगुणा उंदरीण तर बिळातच बोलवायला लागली.

"ये गं, पाय ठेवून तर बघ. जमीन कशी ऊबदार झालीय. सबंध थंडीत पोरांना पांघरूण म्हणून घातलं नाही."

महाराजही खूश होते. गुहेची जमीन अशी शेकली होती की त्यांची कंबर दुखायची थांबली. पाठीचे केस थोडे करपले होते, पण ते त्यांनी वयावर घातलं.

कालिंदीने घरटं केलं. जागा तिची नेहमीचीच, दलदलीच्या मधोमध गवताच्या उंचवट्यावर. चार अंडी घातली. पाणलाव्यांची अंडी चारच असतात, टोकं आत करून एकमेकांना चिकटून बसलेली. आदल्या वर्षीची तीन अंडी पुरात वाहून गेली होती आणि एक उन्हाने गेलं होतं. या चारांवर तिचा जीव होता. सकाळी मोजमापाला जाताना ती दोनदा वळून बघायची.

पंधराव्या दिवशी तिने दलदलीत चोच खुपसली आणि पाणी लागलं नाही. तिने डोळ्यांपर्यंत चोच आत घातली. तरी लागलं नाही. टोकाला चटका मात्र बसला.

तिने चोच बाहेर काढली. मग तिला सगुणाचं बीळ आठवलं, महाराजांची पाठ आठवली. आग विझलीच नव्हती. बर्फाखाली सहा महिने ती गाद्या खात, हळूहळू आत आली होती. आता ती उंचवट्यापासून वीस पावलांवर होती.

ती त्रिंबकरावांकडे धावली. हो, धावली, उडायचं सुचलं नाही.

"खाली आग आहे."

"कुठे? मला तर धूर दिसत नाही."

"जमिनीच्या पोटात. माझी चोच बघा."

त्रिंबकरावांनी चोच बघितली. टोक काळं पडलं होतं. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी आपल्या हाताने तिला शेवाळाची पट्टी बांधली. नंतर त्यांनी काटा उभा करून वारा बघितला.

"ताई, आज दिवस साधा नाही."

"यंदा साधा कुठला होता?"

त्यांनी भूर्जपत्र चाळलं. "एक होता. बर्फ वितळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही पोचलाच होता. मोजमापही फार सुंदर आलं होतं."

कालिंदी तिथून थेट ओढ्यावर गेली. ओढ्याच्या वरच्या अंगाला सदोबा बीव्हरचा बंधारा होता. त्यामागे तळं भरलेलं होतं. बंधाऱ्याचं तोंड दलदलीकडे फोडलं असतं तर ते सगळं पाणी गाद्यांत उतरलं असतं.

सदोबा फांदी कुरतडत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एका सकाळचं काम आहे, ताई. महाराजांचा हुकूम आणा, लगेच फोडतो."

"हुकुमाशिवाय नाही फोडता येणार?"

"मी बीव्हर. बंधारा बांधतो म्हणून बीव्हर. आपल्याच दातांनी तो फोडला, तेही कोणी न सांगता, तर मला बीव्हर कोण म्हणेल?" तो खाली बघत म्हणाला. "महाराजांनी सांगितलं तर ते सरकारी काम होतं. मग लाज वाटत नाही."

म्हणून ती दरबारात गेली. महाराज रास्पबेरी खात होते. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं, पट्टी का बांधली ते विचारलं. कालिंदीने आगीचं सांगितलं. अंड्यांचंही सांगितलं. अजून चार दिवस, महाराज. चार दिवसांत पिल्लं बाहेर येतील, आणि पाणलाव्याचं पिल्लू जन्मल्या दिवशीच चालू लागतं. चार दिवस जमीन थंड राहिली तर मी त्यांना घेऊन जाईन. अंडी मला उचलता येत नाहीत.

महाराजांनी रास्पबेरी बाजूला ठेवली.

"अगदी बरोबर आहे तुझं," महाराज म्हणाले. "बंधारा फोडायला माझी हरकत नाही. त्रिंबकराव, सरासरी काय म्हणते?"

"एका दिवसाची आहे, महाराज. पण आजवरची सर्वोत्तम."

महाराजांनी पंजा गालाला लावला. "मग पेच आहे. सर्वोत्तम सरासरी असताना बंधारा फोडला तर लोक विचारतील, का फोडला? सरासरी खोटी होती का? आणि ती खोटी म्हटली तर त्रिंबकराव खोटे ठरतात. त्यांनी आयुष्यात आकडा खोडलेला नाही."

त्रिंबकराव खाली मान घालून उभे होते.

"एक साधा दिवस येऊ दे," महाराज म्हणाले. "त्या दिवशी मोज. पीस वर गेलं की मी लगेच हुकूम देतो. माझा शब्द आहे."

आता साधा दिवस म्हणजे थंडगार, ढगाळ, जमीन ओली. म्हणजे ज्या दिवशी आग नाही असा. हे कालिंदीला समजलं. तिने महाराजांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनाही समजलंय का, ते तिला कळलं नाही.

ती घरट्यावर आली. त्या दिवसापासून तिला अंड्यांवर बसावं लागेना. खालून जमीनच त्यांना ऊब देत होती. सगुणा येऊन बघून गेली.

"नशीबवान आहेस हो. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. अंडी आपली आपण उबतायत. तू जरा फिरून ये."

कालिंदी फिरायला गेली नाही. ती चोचीत ओलं शेवाळ आणून अंड्यांखाली सारत राहिली. ओढा ते उंचवटा, उंचवटा ते ओढा. एका फेरीत चोचभर ओल यायची. ती परत येईतो आधीची ओल वाळलेली असायची. पहिल्या दिवशी तिने नव्वद फेऱ्या केल्या, दुसऱ्या दिवशी एकशे दहा. सदोबा बंधाऱ्यावरून बघत होता. त्याने फांदी कुरतडायची थांबवली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला अंड्यांतून टकटक ऐकू आली. आतून चोची लागत होत्या. ती तिथेच बसून राहिली आणि त्यांच्याशी बोलली. काय बोलली ते आपण कशाला ऐकायचं? मग ती ओल आणायला गेली. परत आली तेव्हा उंचवटा खाली खचला होता. धूर फारसा नव्हता. टकटक थांबली होती.

कालिंदी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. चोचीतलं ओलं शेवाळ तिने टाकलं नाही. कुठे टाकायचं ते तिला कळेना.

संध्याकाळी सदोबाने बंधारा फोडला. हुकूम नव्हता, कोणी सांगितलंही नव्हतं. दात लावले आणि फोडला. पाणी गाद्यांत उतरलं, सगळ्या दलदलीतून वाफ निघाली, आणि सकाळी थंडगार ढगाळ हवा पडली. जमीन ओली झाली होती. वारा नव्हता.

त्रिंबकराव बिळाबाहेर आले, त्यांनी काटा उभा केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साधा," ते म्हणाले.

ते स्वतः कालिंदीला घ्यायला आले. तिने द्रोण मांडला, कारण दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. दोनशे मोजले. पीस आतही गेलं नाही आणि वरही उडालं नाही. त्या भागात जळण्याजोगं काही उरलंच नव्हतं आणि श्वास घेण्याजोगं शेवाळही उरलं नव्हतं. त्रिंबकरावांनी आकडा लिहिला. त्याच दुपारी दवंडी फिरली, की दलदलीने श्वास सोडणं पूर्णपणे थांबवलं आहे.

त्या राज्यात एक चांगली चाल होती. ज्या घरट्यात पिल्लं निघतील त्या घरट्याला दरबारातून पिल्लांच्या डोक्याला कुंच्या जायच्या. दवंडीनंतर त्रिंबकराव त्या घेऊन आले. हिरव्या शेवाळाच्या चार चिमुकल्या कुंच्या, बंद लावलेल्या. सोबत पोच घ्यायला भूर्जपत्र.

कालिंदीने कुंच्यांकडे बघितलं. "या कोणाला?"

"पिल्लांना. चार."

"पिल्लं नाहीत, त्रिंबकराव. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, ताई." त्यांनी कुंच्यांचे बंद सरळ केले. "पण कालचा दिवस साधा नव्हता. त्या दिवसाच्या रकान्यात सरासरी भरावी लागते. सगळ्या साध्या घरट्यांची सरासरी चार पिल्लं आहे. नोंदीप्रमाणे तुमची चारही सुखरूप आहेत. इथे पायाचा ठसा द्या, म्हणजे झालं."

"आणि नाही दिला तर?"

त्रिंबकरावांनी भूर्जपत्र उलटून बघितलं.

"दरबारच्या कुंच्या कोणी परत केल्याचं आजवर घडलेलं नाही," ते म्हणाले. "तसं झालं तर आजचाही दिवस साधा राहणार नाही. मग यंदा सरासरीला एकच दिवस उरेल. आणि उद्यापासून मला कुठलाच दिवस साधा म्हणता येईल असं वाटत नाही."

कालिंदीने चारही कुंच्या एकात एक घातल्या. नीट घातल्या, बंद आत सारले. मग त्या त्रिंबकरावांच्या हातात ठेवल्या.

"खोडा," ती म्हणाली.

त्रिंबकरावांनी पाठीचा काटा उपटला. माणूस प्रामाणिक, म्हणजे साळिंदर प्रामाणिक. त्यांनी तो दिवस खोडला. आयुष्यातली ती त्यांची पहिली खाडाखोड.

महाराजांना ती दिसली नाही. पानगळीच्या दरबारात उरलेल्या एकाच दिवसाची सरासरी वाचली गेली, ती फार सुंदर होती, आणि ते झोपायला गेले. गुहेची जमीन त्या वर्षी गार होती. त्यांनी थोडी कुरकूर केली, पण झोप लागली.

तात्पर्य: मुलांनो, संकट आलं की ते कधीही मोजू नये. मोजलं तर ते संकट होतं, न मोजलं तर सरासरी चांगली येते. राजाने शब्द दिला असेल तर धीर धरावा, साधा दिवस उजाडतोच. आणि अंडी घालायचीच असतील, तर ती आधी दप्तरदाराला विचारून साध्या दिवशी घालावीत. नाहीतर दोष आईचा.